ओंडके ओढायला पीटीओ विंच की हायड्रॉलिक?

खानापूर-जांबोटी पट्ट्यात दिवाळीनंतर नीलगिरी, अकेशियाची तोड सुरू झाली की हा प्रश्न येतोच: तार गुंडाळून ओंडका ओढणारा विंच ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर (पीटीओ) चालणारा घ्यायचा की तेलाच्या दाबावर (हायड्रॉलिक) चालणारा? विंच बघायला जाण्याआधी ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक काढा आणि हायड्रॉलिक पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

४५ एचपीचा ट्रॅक्टर धरू. पीटीओवर त्यातले साधारण ३८ एचपी मिळतात. तोच ट्रॅक्टर मिनिटाला ३० लिटर तेल १८० बार दाबाने देत असेल, तर हायड्रॉलिकच्या वाट्याला जेमतेम १२ एचपी येतात. ३ टनांची ओढ दोन्हींत मिळते, पण घळीतून ५० मीटर ओंडका वर आणायला पीटीओ विंचला दीड-दोन मिनिटं लागतात आणि हायड्रॉलिकला चार. दिवसाला ४० खेपा असल्या की तासाच्या वर वेळ इथेच जातो. शिवाय तेल तापतं. एप्रिलात आमच्याकडे दुपारपर्यंत रिटर्न पाईपला हात लाववत नव्हता. तेल पातळ झालं, ओढ बसली आणि ट्रॅक्टर तासभर सावलीत उभा करावा लागला.

हायड्रॉलिकचं खरं बळ हळुवारपणात आहे. लिव्हर जेवढा दाबाल तेवढीच तार सरकते, भार उतारावरून इंचाइंचाने खाली सोडता येतो. पीटीओ विंचला हे नीट जमत नाही. ट्रॉली भरणं आणि वर्षाकाठी घरची चार झाडं एवढंच काम असेल, तर हायड्रॉलिक घ्या. होज फुटला तरी बेळगावात उद्यमबागेत नवा प्रेस करून मिळतो. फक्त तेलात आपली तांबडी धूळ जाऊ देऊ नका, कारण तेच तेल ट्रॅक्टरच्या लिफ्टलाही जातं.

तोडीचं कंत्राट घेत असाल तर मात्र पीटीओच. साखळी, बेअरिंग, क्लच प्लेट गावचा फिटरही बदलतो. पण शाफ्ट सेकंदाला ९ फेरे फिरतो. खांद्यावरचा टॉवेल त्यात गुंतला तर माणूस सोडवायला वेळ मिळत नाही. गार्ड नसलेला शाफ्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पीटीओ विंचची मागची प्लेट जमिनीत रुतली पाहिजे. जांभा वर आलेल्या जागी ती रुतत नाही आणि ट्रॅक्टरच मागे घसरतो, तेव्हा जागा बदला. विंच कोणताही असो, तिरकी ओढ नको, ट्रॅक्टर कलंडतो. कप्पी लावून तार सरळ मागे घ्या आणि ताणलेल्या तारेच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका.

विक्रेता ५ टन म्हणाला तर ड्रमवर तारेचे किती थर असताना, ते विचारा. तो आकडा बहुतेक रिकाम्या ड्रमचा असतो. थर चढत गेले की ओढ कमी होत जाते.