‘नुसतं वजन तर करून बघा, वहिनी’

हे लिहायला उशीर झाला तो नात्यामुळे. वजन उतरवायचं सांगून जेवणाऐवजी डब्यातल्या पावडरचा शेक पाजणाऱ्या त्या ‘वेलनेस सेंटर’मध्ये मला नेणारी बाई माझ्या यजमानांची चुलतबहीण, म्हणजे माझी नणंद. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पण गेल्या महिन्यात आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून परत आली आणि मधल्या सुट्टीत विचारायला लागली, "मॅडम, ते सकाळचं शेक सेंटर कसं आहे हो? तिथल्या ताई म्हणाल्या, तीन महिन्यांत पहिल्यासारखी बारीक होशील." तिचं बाळ अजून अंगावर पितंय. अशा बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आपलीच राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि ही ताई तिला दोन वेळचं जेवण सोडायला सांगत होती. आता मी गप्प बसणार नाही.

मी कराडला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उंची १५५ सेंटीमीटर, तेव्हाचं वजन ६६ किलो. थायरॉइडची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. आमचे डॉक्टर म्हणाले होते, पाच-सहा किलो कमी करा, रोज चाला. वजन जास्त होतं हे खरंच आहे. ही मंडळी नेहमी अशी एखादी खरी गोष्ट हाताशी धरतात आणि तिच्यावर बाकीचं खोटं रचतात.

वन्संचा फोन आला, "नुसतं वजन तर करून बघा, वहिनी. फुकट आहे." मी शाळा सुटल्यावर गेले. अंगावर साडी, पोटात दुपारचा डबा आणि दोन चहा. अनवाणी काट्यावर उभं केलं, हातात दांडी धरायला दिली आणि एका कार्डावर आकडे लिहिले. चरबी इतके टक्के, पोटातली चरबी इतकी, आणि सगळ्यात खाली लाल पेनने ‘शरीराचं वय ५८’. मी तेव्हा ४३ वर्षांची होते. छातीत धस्स झालं. तेवढ्यात समोरच्या ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घाबरू नका मॅडम, आपण आहोत ना."

त्या काट्याविषयी आता जे कळलंय ते सांगते. पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अंगात अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. स्नायूंत पाणी असतं, तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्या अडथळ्यावरून बाकीचे सगळे आकडे यंत्र अंदाजाने काढतं. पाय ओले असले, पाणी कमी-जास्त प्यायलं की आकडे बदलतात. ‘शरीराचं वय’ तर डॉक्टर मोजतच नाहीत, ते काटा बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सूत्र. आणि खरी लबाडी वेगळीच होती. माझी पहिली मोजणी संध्याकाळी झाली. पुढच्या सगळ्या पहाटे सहाला, उपाशीपोटी, हलक्या पंजाबी ड्रेसमध्ये. दिवसभरात कोणाचंही वजन किलो-दीड किलो वर-खाली होतं. म्हणजे त्यांच्या शेकचा एक घोटही न पिता माझं किलोभर वजन ‘उतरलेलं’ होतं.

आदर्श वजन काढायची त्यांची रीत म्हणजे उंचीतून १०५ वजा करायचे. माझे आले ५०. "सोळा किलो जास्त आहात" हे वाक्य त्या केंद्रात सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं गेलं. डॉक्टर वजनाचा अंदाज घ्यायला बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, पाहतात, भारतीयांसाठी २३च्या आत असलेला बरा म्हणतात. तो बीएमआयसुद्धा मुळात १९व्या शतकात आदोल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांचा अभ्यास करताना काढलेला. एका बाईकडे बोट दाखवून ‘तू इतकी वाईट’ म्हणण्यासाठी तो नव्हताच. चांगला डॉक्टर त्यासोबत कंबर मोजतो, रक्त तपासतो, घरात मधुमेह आहे का विचारतो. इथे विचारलं ते एवढंच, की यजमान काय करतात.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले आणि टाळ्या वाजल्या. जेवण अचानक कमी केलं की यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर आधी वापरली जाते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. उतरतं ते बहुतांशी पाणी, आणि नीट जेवायला लागलं की परत येतं. कोणताही शेक न घेता नुसतं उपाशी राहिलं तरी हेच होईल.

मग इतक्या बायका तिथे महिनोन् महिने का जातात? याचं उत्तर त्या डब्यात नाही, आपल्या घरांत आहे. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. पंगती गेल्या, टेबलं आली, तरी पोळ्या लाटणारीचं ताट शेवटीच. मुलांच्या ताटात राहिलेला वरणभात, कालची भाजी, तळाला उरलेली आमटी तीच संपवते, कारण अन्न टाकवत नाही. ज्या घरासाठी ती हे सगळं करते त्याच घरातली माणसं लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, "काय गं, केवढी सुटलीस!" बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आग्रहाने भरवायची आणि बारशाला तिच्याच पोटाकडे बघून हसायचं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. लग्नाच्या बायोडाटात शिक्षणाच्या खालोखाल ‘बांधा सडपातळ’ लिहावं लागतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या, आणि ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. एकच बाई दोन्हीकडे असू शकते. मी होते, माझं हिमोग्लोबिन दहाच्या खाली होतं. आणि मला भाकरी सोडायला सांगितलं.

त्या केंद्रात मात्र दारातच नावाने स्वागत व्हायचं. "आल्या आपल्या मॅडम!" बसायला खुर्ची, गाणी, आणि हातात आयता भरलेला ग्लास. सकाळी सहाला दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी केलेलं काही आपल्या हातात येणं, हे सुख लग्नानंतर किती बायकांच्या वाट्याला येतं? तिथे कोणी डबा मागत नव्हतं, कोणी टॉवेल शोधत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या काकू एकदा म्हणाल्या, "पावडर काय, कसलीही लागू दे, हा एक तास माझा आहे." त्या तासाची किंमत आम्ही महिन्याला सात हजार रुपये भरत होतो. बायकांच्या एकटेपणाचा असा बाजार मांडणाऱ्यांचा मला आजही फार राग येतो.

बरं, डब्यात होतं काय? डब्यावर लिहिल्याप्रमाणे एका मापात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं, तीही सोयाबीनची. दोन उकडलेल्या अंड्यांत बारा ग्रॅम असतात. अंडी न खाणाऱ्यांना हरभरे, शेंगदाणे, दही आहेच. त्याच डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. अशा पदार्थांवर हे छापणं बंधनकारक आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक मात्र ताई बोट ठेवून दाखवायच्या, "सरकारमान्य आहे बघा." तो क्रमांक अन्नपदार्थ बनवायचा परवाना आहे. त्याने वजन उतरतं किंवा आजार बरा होतो, असं सरकारने कुठेही म्हटलेलं नाही.

माझ्या तब्येतीचं जे झालं ते या सोयाबीनमुळे आणि उपासमारीमुळे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि सोया, कॅल्शियम, लोह यांच्यापासून काही तास लांब ठेवायची असते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मी गोळी घेते हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाने शेक घ्या, आणि दोन महिन्यांत गोळीही सुटेल." तिसऱ्या महिन्यात वेणी घालताना कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ताईंचं उत्तर तयार होतं, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे." हे वाक्य ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी तिथून उठा. डॉक्टरांनी रक्तातला टीएसएच तपासला (थायरॉइडची गोळी कमी पडली की हा आकडा वाढतो), तर ११च्या वर गेलेला. साधारण साडेचारच्या आत हवा असतो. केस गळण्याचं कारणही त्यांनी समजावलं. झपाट्याने वजन घटवलं की दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, आणि अशा घाईत पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

पैशाचा मोठा फटका त्याच सुमाराला बसला. एकदम माल घेतला तर ३५ टक्के सवलत आणि स्वतःचा ‘कोच आयडी’, म्हणजे आपणही माल विकायचा, असं सांगून ४५ हजारांचे डबे माझ्या नावावर टाकले. पतसंस्थेतली ठेव मोडून मी ते पैसे दिले. लगेच एक वही आली: शंभर नावं लिहा. भावकी, भिशीतल्या बायका, माहेरची माणसं, आणि शाळेतल्या मुलांच्या आया. पालकांची नावं म्हटल्यावर मी पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून दारातलं स्वागत बंद झालं.

वन्संची बाजूही सांगायला हवी. त्यांनी मला आणलं ते त्यांच्या वरच्या ताईंनी महिन्याचं टार्गेट डोक्यावर ठेवलं होतं म्हणून. त्यांचं गंठण तेव्हा सोनेतारणात गहाण होतं, आणि हे त्यांच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं. ही रचनाच अशी आहे की प्रत्येक बाई आपल्याच माणसाला ओढून आणते. त्यामुळे तक्रार करायची म्हटलं की समोर नणंद, जाऊ, मैत्रीण उभी असते. वरचे मजेत राहतात आणि खाली नाती तुटतात.

मग तो फोटो. पहिल्या दिवशी माझा फोटो काढताना सांगितलं होतं, केस मोकळे सोडा, हसू नका, पोट सैल सोडा. दुसरा काढला तेव्हा पिवळा कुर्ता, ओठांना लिपस्टिक, थोडं तिरकं उभं करून श्वास आत. इचलकरंजीच्या माझ्या मावसबहिणीला हे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून व्हॉट्सअॅपवर आले. खाली लिहिलेलं, ‘शिक्षिकेचा मधुमेह गेला, थायरॉइडची गोळी कायमची सुटली.’ मला मधुमेह कधी नव्हताच आणि गोळीचा डोस वाढला होता. मी परवानगी दिली नव्हती, मला कोणी विचारलंही नव्हतं.

लठ्ठपणा, मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. हे लोक ‘हे औषध नाही, आहार आहे’ म्हणून निसटायला बघतात. पण खोट्या जाहिरातीवर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कारवाई होते. २०२१च्या थेट विक्रीच्या (दुकानाशिवाय, माणसांमार्फत माल विकण्याच्या) नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे खाली माणसं जोडत नेऊन पैसे मिळवण्याच्या योजनांना, बंदी आहे, आणि विकणाऱ्याने केलेल्या विक्रीबद्दलच्या तक्रारींना कंपनीच जबाबदार धरली आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीकडून उत्तर आलं की हा माल आमच्याकडून गेलेला दिसत नाही. डब्यांवरचे कोड खरवडलेले होते, पावती नव्हती, पैसे ताईंच्या खासगी नंबरवर यूपीआयने गेलेले. कोड खरवडलेला डबा कोणी हातात दिला तर तो घेऊच नका. पैसे दिले असतील तर यूपीआयचा स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज, वजनाचं कार्ड, सगळं जपून ठेवा. ग्रुप सोडण्याआधी चॅट काढून घ्या. मला काढून टाकलं गेलं आणि बरेच मेसेज गेले.

आता प्रकरण साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. वन्संना मी त्यात ओढलेलं नाही. यजमानांच्या मदतीने त्यांचं गंठण सोडवून आणलं. त्यांनी लेखी जबाब द्यायचं कबूल केलंय आणि त्यांच्यासारख्या आणखी दोघी तयार आहेत. कराड, सातारा, सांगली, इचलकरंजी भागात कोणाकडून असे पैसे घेतले असतील, तर आपापल्या जिल्ह्याच्या आयोगात वेगळी तक्रार करा, एकीमुळे दुसरीला बळ येतं. आणि पिवळ्या कुर्त्यातल्या बाईचा फोटो ‘मधुमेह गेला’ म्हणून तुमच्याकडे आला, तर तो पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि १९१५वर तक्रार करताना जोडा.