धूळच उडाली नव्हती, तेव्हाच कळायला हवं होतं

लिहू की नको यात एक महिना घालवला. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही, तिथे ‘साधारण पन्नास’ एवढंच माहीत आहे. होडीच्या दुरुस्तीत फसलो, त्या कारागिराला दिलेला खरा आकडा ७१,७००.

होडी जुनी, १६ फुटी, फायबरची. मागे बाहेरून टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली मागची भिंत, गेलाय हे माझं मीच ओळखलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. इंजिन थोडं वर उचलून त्याचा पाय दाबला की मागची भिंत आतबाहेर हलायची. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की वर टणक आवाज आणि खाली, तळातलं पाणी काढायच्या बुचाच्या भोकाभोवती, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा ठप्प. खालच्या बोल्टाखाली तपकिरी ओघळ. म्हणजे दोन्ही बाजूंचं फायबर धडधाकट आणि मधलं प्लायवूड कुजलेलं. कधीतरी कुणीतरी भोक पाडलं, नीट बुजवलं नाही, आणि पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं. हे सगळं कळणारा माणूस फसला, म्हणून जास्त झोंबतं.

कारागीर ओळखीच्याच्या ओळखीतला. पहिल्या भेटीत त्याने मलाच सावध केलं! “साहेब, या धंद्यात मलमपट्टीवाले फार झालेत. वरून पुट्टी मारतात, रंग देतात, गिऱ्हाईक खूश.” तो स्वतः काय करणार तेही बिनचूक सांगितलं: आतल्या बाजूचं फायबर कापायचं, लाकूड पार खरवडून काढायचं, पोकळी वाळू द्यायची, १८ मिलिमीटर मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून बसवायचे, कोपऱ्यात घट्ट रेझिनची गोलाई भरायची आणि वरून फायबरच्या कापडाचे थर चढवायचे. एक शब्द चुकीचा नव्हता. चोराला काम येत होतं, करायचं नव्हतं.

ठरले ६२,५००. आगाऊ ३५,००० दिले. दुसऱ्या दिवशी फोन: “तळाचा आडवा दांडाही कुजलाय, ९,२०० वाढतील.” दिले. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, फोटो आले. उघडलेला ट्रान्सम, आत नवं पिवळंधमक प्लायवूड. मी ते फोटो चार जणांना दाखवत फिरलो. माझ्या होडीचं बुचाचं भोक मधोमध आहे. फोटोतलं उजवीकडे होतं. हे मला दोन महिन्यांनी दिसलं.

पण फोटोंचं सोडा. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्या शेडमध्ये उभा होतो, तो क्षण रोज रात्री डोळ्यासमोर येतो. फायबरवर ज्याने एकदा ग्राइंडर फिरवलाय त्याला विचारा. पांढरी भुकटी छतापासून चपलेपर्यंत बसते, कोपराच्या लवणीत शिरते आणि दोन दिवस खाज जात नाही. शेडची फरशी स्वच्छ होती. होडीच्या तळात एक कण नव्हता. हा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि हातावर ओरखडासुद्धा नाही. मी काय म्हणालो असेन? “वा, काम अगदी स्वच्छ ठेवता हो!” धूळ न उडवता डोळ्यांत धूळफेक करून घेतली मी.

“जुनं लाकूड कुठाय?” हे मात्र विचारलं. “फेकलं साहेब, घाण वास मारत होतं.” पटलं, कारण कुजलेलं लाकूड वास मारतंच. तीन दिवसांत प्लाय चिकटून, सुकून, वर थर चढून जेलकोटही, म्हणजे शेवटचा चकचकीत थरही, होतो का, हा प्रश्न जिभेवर आला होता. पण जेलकोट आरशासारखा चमकत होता, आणि समोरच्याच्या कामावर शंका घ्यायची आपल्याला लाज वाटते ना. उरलेले २७,५०० तिथेच दिले. इंजिन आठ दिवस चढवू नका, रेझिन कच्चं आहे, असं त्याने बजावलं. म्हणजे तोवर पाय दाबून बघायची सोयही गेली. आठ दिवसांत फोन बंद.

तिसऱ्या फेरीला बोल्टाखाली तोच तपकिरी ओघळ आला. घरी आणून आतल्या बाजूने ६ मिलिमीटरचं ड्रिल लावलं. कोरडं लाकूड असतं तर फिक्या रंगाचा भुसा आला असता. बिटाला लगदा चिकटून आला, काळा, चिमटीत दाबला तर पाणी सुटणारा. माझंच जुनं लाकूड. त्याने केलं होतं इतकंच: बारीक भोकं पाडून पातळ रेझिन ओतलं (पाणी प्यायलेल्या लाकडात ते शिरणार कुठून?), बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी मारली, पुट्टी आणि जेलकोट. पट्टीच्या प्रत्येक स्क्रूने पाण्याला नवी वाट करून दिली ती वेगळीच.

पोलिसांकडे गेलो. ट्रान्सम म्हणजे काय हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. मग प्रश्न आला, “होडी बुडाली का?” नाही. “मग नुकसान काय झालं?” साहेब, शंभर किलोच्या आसपासचं इंजिन भर पाण्यात मागची भिंत घेऊन गेलं की मग तक्रार द्यायला कोण येणार? “हा दिवाणी मामला आहे.” बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर फक्त ‘ट्रान्सम काम’. “काम तर झालेलं दिसतंय,” असं तो माणूस बिलाकडे बघून म्हणाला, होडीकडे नव्हे! तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणाले. अहवालाचे ६,५०० मोजले. तो नेला तर म्हणे, कारागिराचा पत्ता पक्का करून आणा. पत्ता मी शोधायचा! शेड भाड्याची होती, आता तिथे दुसराच कुणी बसतो. एका टेबलावर तर सांगितलं, “पुढच्या वेळी चांगला माणूस बघा.” चार कार्यालयं, अकरा हेलपाटे, आणि माझ्या हातात एक पोच.

तेव्हा ऐका. बिलावर ‘जुनं लाकूड पूर्ण काढून मरीन प्लाय’ असं लिहून घ्या, जाडीसकट. आतलं फायबर कापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, फोटो चालणार नाही. ‘न उघडता पक्कं करून देतो’ म्हणणाऱ्याला बाहेरूनच नमस्कार. आणि कुजलेलं लाकूड स्वतः ताब्यात घ्या, कितीही वास मारो.

मी आता होडी स्वतःच उघडली. आठवडाभर अंग खाजत होतं, घरात सगळीकडे पांढरं. निघालेलं लाकूड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काट्यावर ठेवलं, ११ किलो ४०० ग्रॅम भरलं. पुरावा म्हणून कार्यालयात नेलं तर दारावरच्या शिपायाने आत घेऊ दिलं नाही. आता पिशवी माझ्या दारात आहे आणि गाठीखालून अजून तपकिरी पाणी गळतंय.