लाइट गेल्याचा एसएमएस देणारा डबा : बोटीवर दहा महिने

आमची बोट सव्वीस फुटी, फायबरची, आत डिझेल इंजिन. ती असते दाभोळच्या खाडीत आणि आम्ही पुण्यात. ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड, दापोली करत पोचायला सहा तास लागतात, त्यामुळे महिन्यातले सव्वीस-सत्तावीस दिवस तिच्यावर बगळ्यांशिवाय कोणी नसतं. तळात पाणी साचतच असतं. थोडं स्टर्न ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सांध्यातून ठिबकतं, पावसाळ्यात वरूनही येतं. ते उपसायला बिल्ज पंप, पंपाला १०० अँपिअर-अवरची बॅटरी, बॅटरीला चार्जर आणि चार्जरसाठी धक्क्यालगतच्या चुलतभावाच्या जाळ्यांच्या खोपटातून ओढलेली चाळीस मीटर केबल.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ही सगळी साखळी एकदम तुटली. पाणी चढलं-उतरलं की पंप चालू-बंद करणारा तरंगता फ्लोट स्विच चिकटला आणि पंप कोरडाच फिरत राहिला. चार्जर त्याला गुपचूप पोसत होता, म्हणून कोणाला पत्ता नाही. मग गावची लाइट गेली. साडेतीन अँपिअर खाणाऱ्या पंपाने एका दिवसात बॅटरी गार केली. मी पोचलो तेव्हा पायाखालच्या फळ्या तरंगत होत्या आणि आमचे तांडेलकाका बादलीने पाणी उपसत होते. त्याच आठवड्यात हा डबा घेतला, साडेतीन हजारांना.

डबा म्हणजे काही नवलाई नाही. शेतातल्या मोटरीला मोबाइल स्टार्टर लावतात ना, त्याचंच धाकटं भावंड. आत सिमकार्ड आणि एक छोटी लिथियम बॅटरी. २३० व्होल्ट गेले की एसएमएस, परत आले की दुसरा एसएमएस. बोटीची बॅटरी फार उतरली तर तिसरा.

पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस एसएमएस आले. आई म्हणाली, "गावची लाइट गेलेली पुण्यात बसून कशाला मोजतोयस?" बरोबरच होतं तिचं. लाइट गेल्यावर किती वेळाने कळवायचं ते डब्यात ठरवता येतं. मी ते दहा मिनिटांवर नेलं, तेव्हा जरा शांतता झाली.

जानेवारीत मात्र एक वेगळाच प्रकार सुरू झाला. मध्येच तीन-चार दिवस पहाटे आणि संध्याकाळी वीज जायची आणि तास-दीड तासाने आपोआप परत यायची. मग दहा-बारा दिवस काही नाही. भावाला फोन केला की तो म्हणायचा, "अरे, खोपटात पंखा फिरतोय की!" म्हणून तसाच दुसरा डबा घेऊन खोपटात लावला. हा खर्च मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. दोन्ही डबे ओरडले तर गावची लाइट गेली. फक्त बोटीवरचा ओरडला तर घोळ आपल्या केबलमध्ये. इथे फक्त बोटीवरचाच ओरडत होता. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल म्हणावं, तर तो पडला की हाताने उचलल्याशिवाय वर येत नाही. ही वीज स्वतःहून परत येत होती.

मी वेळा लिहून काढल्या. पहाटे ४:५०, दुसऱ्या दिवशी ५:३०, मग ६:१५. तांडेलकाकांना फोनवर वाचून दाखवल्या. त्यांनी तिसरी वेळ ऐकूनही घेतली नाही. "तिथी कोणती होती ते सांगा," म्हणाले. कालनिर्णय काढलं, तर पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. "मग पाऊणपट करा की!"

खाडीकाठच्या लोकांना हे सांगायला नको, पण आमच्यासारख्या पुणेकर झालेल्यांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सहा तास मागेपुढे सव्वापाचला पुरी ओहोटी. आणि उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची, ओहोटी इतर दिवसांपेक्षा कितीतरी खोल जाते. दगडी धक्का जागचा हलत नाही, बोट मात्र दोन-अडीच मीटर खाली उतरते, केबल ताणली जाते आणि प्लग सॉकेटमधून अर्धा बाहेर येतो. पाणी चढलं की केबल सैल पडते आणि प्लग परत टेकतो.

पुढच्या शनिवारी जाऊन तो प्लग हातात घेतला. घरातल्या गिझरला असतो तसला, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा. पितळी पिनांवर हिरवा थर चढलेला, आणि एका पिनेच्या मुळाशी प्लास्टिक वितळून तपकिरी, गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं. अर्धवट टेकलेल्या पिनेतून चार्जरचा करंट जात होता आणि ठिणग्या उडत असणार. खाली केबिनची लाकडी फळी. वीज जाणं हा त्यातला किरकोळ भाग होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आता कारखान्यात असतो तसला निळा, झाकणाचा, पाणी न शिरणारा सॉकेट बसवलाय. केबलच्या बरोबरीने एक दोरी बांधली आहे, ती केबलपेक्षा हातभर आखूड, म्हणजे ताण आला तर दोरीवर येतो. आणि सॉकेटच्या आधी केबलला खाली झोल दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत सॉकेटपर्यंत न जाता झोलातूनच गळून जातं. फेब्रुवारीपासून उधाणाचा एकही एसएमएस नाही. त्यानंतरच कळवण्याची मुदत तीन तासांवर नेली. आधीच नेली असती, तर हा प्लग मला आगीनंतर सापडला असता.

गावातल्या होड्या मेअखेर वर ओढून शाकारल्या. आमची यंदा खाडीतच राहिली, त्यावरून बोलणीही खाल्ली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोटीवरचा डबा ओरडला, खोपटातला गप्प. या वेळी वीज परत आली नाही. म्हणजे ईएलसीबी. तांडेलकाकांनी बघितलं तर बोटीवरच्या जोडणीच्या डब्यात पाणी शिरलेलं. ते कोरडं करून मग उचलला. यावर एका मित्राचा सल्ला : आपोआप परत उठणारा ब्रेकर लाव. मी लावणार नाही. ३० मिलिअँपिअरची गळती झाली म्हणून तो पडतो, आणि आमच्या धक्क्यावरून पोरं दिवसभर खाडीत उड्या मारतात. त्यात पावसाळ्यात वाशिष्ठीच्या लोंढ्याने खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. खाऱ्या पाण्यात करंट पाण्यातूनच पसरून जातो. गोड्या पाण्यात माणसाचं अंग पाण्यापेक्षा चांगला वाहक ठरतं. कोणीतरी जाऊन बघेपर्यंत तो पडलेलाच बरा. बॅटरीची चिंता असेल तर हिशोब साधा आहे. भर पावसात पंप दिवसाला पाऊण तास चालतो, त्याला अडीच-तीन अँपिअर-अवर लागतात. डब्याचे स्वतःचे एक-सव्वा धरा. बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नाही म्हटलं तरी दहा-बारा दिवस मिळतात. (उन्हाळ्यात तर पंपापेक्षा हा डबाच जास्त खातो!)

आता तक्रारी. डबा टूजीवर चालतो, त्यामुळे जिओचं सिम त्यात घालून उपयोग नाही, कारण जिओचं टूजी जाळंच नाही. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुकानात दोन चकरा झाल्या. रिचार्ज तर विसरूच नका, बंद पडलेलं सिम तक्रार करत नाही. बॅटरीचा इशारा ११.५ व्होल्टला येतो आणि तो आकडा बदलता येत नाही. शिशाची बॅटरी १२.२ ला निम्मी झालेली असते, ११.५ म्हणजे मयताला बोलावणं. स्क्रू पाचव्या महिन्यात गंजले; आता व्हॅसलीन फासून ठेवतो.

सगळ्यात मोठी अडचण टॉवरची. गावची लाइट फार वेळ गेली की टॉवरही झोपतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोनही नव्हते. असल्या वेळी डबा कोणाला सांगणार? म्हणून रोज सकाळी आठला 'ठीक' असा एसएमएस यायची सोय त्यात आहे, ती चालू केली. साडेआठपर्यंत आला नाही की तांडेलकाकांना फोन. तोही लागला नाही, तर दुपारपर्यंत वाट बघून गाडी काढायची. जुलैत एकदा काढली. बोट मजेत होती, रस्त्यात दरड होती.

व्होल्टेजसाठी दीडशे रुपयांचा आकडे दाखवणारा मीटर बॅटरीवर लावलाय. दर शनिवारी काका त्याचा फोटो पाठवतात, महिन्याला त्यांना त्याचे पैसे देतो. डब्याला दहापैकी साडेसहा. काकांना किती, ते मी इथे लिहिलं तर ते पैसे वाढवून मागतील.

फोरजीवर चालणारा, एसएमएसमध्येच व्होल्टेज कळवणारा एक डबा बघून ठेवलाय. नारळी पौर्णिमेला जाणार आहे, तेव्हा तो बसवायचा आणि जुना खोपटात हलवायचा. काकांनी ओहोटीची वेळ आत्ताच सांगून ठेवली आहे.