एसबीआर की तळी? लहान शहराच्या सांडपाण्याचा निर्णय

खानदेशात ५० हजारांच्या आसपासच्या गावाला सांडपाणी प्रकल्प मंजूर झाला की चर्चा बहुतेक दोन पर्यायांवर येऊन थांबते: एसबीआर (टाकीत यंत्राने हवा फुंकून, मग गाळ बसवून पाणी शुद्ध करणारा प्रकल्प) किंवा स्थिरीकरण तळी (ऊन आणि शेवाळाच्या जोरावर पाणी शुद्ध करणारी उघडी तळी). आमच्या पालिकेत हा निर्णय झाला तेव्हा मी समितीत होतो.

कागदावर एसबीआर जिंकतो. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे ५० हजार वस्तीचे जवळपास साडेपाच एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) झाले. एवढ्याला एसबीआर दोनेक एकरात बसतो, तळ्यांना दहा-पंधरा एकर लागतात. आणि केळीच्या पट्ट्यात जमिनीचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणीही एसबीआरचं नितळ, तळ्यांचं शेवाळामुळे हिरवट. २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरमागे मिलिग्रॅम) ३० चालत होता, २०१९ मध्ये हरित लवादाने १० चा आदेश दिला. नुसत्या तळ्यांनी १० गाठणं अवघडच. पुढे नीरी या नागपूरच्या संशोधन संस्थेच्या फायटोरिडसारखे पाणवनस्पतींचे वाफे जोडावे लागतात.

तरी माझं मन फिरलं ते लाइटमुळे. जवळच्या एका गावचा एसबीआर बघायला मी अनेकदा गेलो. बहुतेक वेळा लाइट गेलेली, ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) बंद, जनरेटर नुसता उभा, आणि ऑपरेटरचं एकच उत्तर, "डिझेल नही शे, भाऊ." डिझेलचा खर्च ठेकेदाराचा की पालिकेचा, यावर फाईल अडलेली. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. बराच वेळ हवा मिळाली नाही की गाळ काळा पडतो, वास सुटतो, आणि घडी पुन्हा बसायला दिवस जातात. गटारं तोवर थांबत नाहीत. बायपास उघडून सगळं मैलापाणी तसंच नदीच्या पात्रात सोडून देतात.

बारमाही नदीत ते एक वेळ खपेल. आपली बोरी, पांझरा उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी कोरड्या. पात्रात दिसतं ते गावाचं सांडपाणीच. त्यात मिसळायला दुसरं पाणी नाही, आणि खालच्या गावांच्या विहिरी त्याच काठावर. म्हणून प्रकल्प चालू असतानाचं पाणी किती नितळ, यापेक्षा तो बंद पडल्यावर काय होतं हे मला महत्त्वाचं वाटलं.

तळ्यांना लाइटचं सोयरसुतक नसतं. पहिल्या खोल तळ्यात मैला हवेविना कुजतो. पुढच्या उथळ तळ्यांत शेवाळ प्राणवायू पुरवतं आणि ऊन जंतू मारतं. आपल्याला नकोसा होणारा मे महिना त्यांना मानवतो. त्रास आहेच. पहिल्या तळ्याजवळ वास येतो, आणि बांधावरचं गवत कापलं नाही तर डास होतात. पण आम्ही शेवटी तळीच घेतली, आणि लाइट गेली म्हणून बायपास उघडावा लागलेला नाही, आणि खालचे शेतकरी कपाशीला हे पाणी उचलतात.

गाव लाखावर गेलं असेल, जागा मिळतच नसेल आणि एक्स्प्रेस फीडरची (प्रकल्पापुरत्या स्वतंत्र वीजवाहिनीची) खात्री असेल, तर एसबीआर घेणं रास्त ठरेल; फक्त डिझेल कोण भरणार ते निविदेतच लिहून घ्या. बाकीच्यांनी आधी गावाच्या उताराकडची सरकारी जमीन शोधून पाहावी. सांडपाणी आपसूक तिथवर वाहत गेलं तर पंपाचंही बिल वाचतं. आणि पहिल्या तळ्यातला गाळ काही वर्षांनी उपसावा लागतो, त्याची तरतूद मूळ ठरावातच करून घ्या, नंतर ती मिळता मिळत नाही.