अलास्का की वायोमिंग: कुठली मतदान पद्धत बरी?

दोन्ही राज्यांची लोकसंख्या कमी, म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जागा एकेकच. १६ ऑगस्ट २०२२ ला दोन्हीकडे मतदान झालं. वायोमिंगमध्ये रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक फेरी होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. काही डेमोक्रॅट ऐनवेळी पक्ष बदलून तिथल्या तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनींच्या मदतीला आले, तरी हॅरिएट हेगमननी त्यांना सपाटून हरवलं. राज्य रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची लढत मग नावापुरतीच उरली.

अलास्काची पोटनिवडणूक पसंतीक्रमाने झाली, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात, आणि मला तीच पद्धत उजवी वाटते. तिसरे आलेले निक बेगिच बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. बेगिच रिपब्लिकन, तरी त्यांची सगळी मतं दुसऱ्या रिपब्लिकन उमेदवार सारा पेलिनकडे गेली नाहीत. बरीच डेमोक्रॅट मेरी पेल्टोलांकडे वळली, काहींनी दुसरी पसंती दिलीच नव्हती. निकालाला दोन आठवडे लागले. पेल्टोला जिंकल्या, नोव्हेंबरात पुन्हा जिंकल्या.