आठ महिने घरी शुगर तपासल्यावर

डिसेंबरात माझी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आली आणि डॉक्टरांनी ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून रक्ताच्या थेंबात शुगर मोजायचं मशीन, घ्यायला सांगितलं. टाईप टू डायबेटिस सहा वर्षांपासून आहे, पण तोवर लॅबच्या रिपोर्टवरच चाललं होतं.

पहिले दोन महिने रोज फक्त उपाशीपोटी तपासलं. १३५, १४०, १३२. मशीनमध्ये घालायच्या स्ट्रिपा संपत होत्या, कळत काहीच नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, रोज नको, पण जोडीनं तपासा: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. तिथून मशीनचा खरा उपयोग सुरू झाला. दीड ज्वारीची भाकरी, मेथी आणि वाटीभर मुगाची उसळ खाल्ली, तर ११८ वरून १६१. आषाढीला बशीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर १२४ वरून थेट २३८! इतकी वर्षं उपासाला पोट हलकं राहतं, शुगरलाही बरं, असं मी मनापासून समजत होते. त्या दिवशी वहीतला आकडा बघून खरंच वाईट वाटलं.

हात धुण्याचं मात्र कळकळीनं सांगते. मे महिन्यात आंबे चिरून, हात नुसते पुसून टोचलं, तर २४३. घाबरून साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, तर १४१. बोटाला लागलेला रस स्ट्रिपवर गेला होता. त्या आकड्यावर कुणी जास्तीची गोळी घेतली असती तर?

टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. स्ट्रिपांच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळी हवेत उघडी राहिली की स्ट्रिपा खराब होतात. माझ्या अशाच पाच-सहा वाया गेल्या, आणि एक साधारण वीस रुपयांना पडते. लॅबशी एकदा पडताळून पाहिलं: उपाशीपोटी तिथे १३२, घरी १४१. १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक या मशीनच्या मानकात बसतो, त्यामुळे चार-पाच अंकांसाठी जीव टांगणीला लावू नका.

जूनमध्ये एका संध्याकाळी फिरून आले आणि हात थरथरायला लागले, घाम फुटला. दुपारी जेवण कमी झालं होतं, शुगर कमी करणारी ग्लिमेपिराईडची गोळी मात्र घेतलेली. मशीनवर ६२. ह्यांनी साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ९४. पूर्वी मी याला थकवा म्हणून आडवी पडले असते. वही बघून डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली. गोळ्यांचा बदल त्यांनाच विचारून करा.

गेल्या आठवड्यात एचबीएवनसी ७.२ आली. येत्या एकादशीला खिचडी अर्धी वाटीच घेणार आहे, सोबत दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. दोन तासांनी टोचून बघेन.