मोडला होता फक्त स्टँड

मोडलं होतं ते एवढंसं. मॉनिटर कॅलिब्रेट करायच्या, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग मोजून नेमके लावायच्या सेन्सरचा छोटा प्लास्टिकचा स्टँड टेबलावरून पडला आणि त्याच्या बिजागरीचा एक कान तुटला. सेन्सर तेव्हा स्टँडवर नव्हता, तो त्याच्या पाउचमध्ये कपाटात होता. एवढं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

खरं म्हणजे हा स्टँड रोज लागतच नाही. स्क्रीन मोजताना केबलवर सरकणारं वजन मॉनिटरच्या मागच्या बाजूला सोडायचं, स्क्रीन जरा मागे कलती करायची, की सेन्सर स्वतःच्या भाराने स्क्रीनला टेकून राहतो. स्टँडचं काम खोलीतला प्रकाश मोजताना किंवा प्रोजेक्टर मोजताना. मी प्रोजेक्टर वर्षातून दोनदा मोजत असेन. तेवढ्यासाठी मी जी यातायात केली तिला नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण तेव्हा मला कुणी अडवलं नाही आणि अडवलं असतं तर मी ऐकलं नसतं.

दुरुस्तीवाला इंटरनेटवर सापडला. जाहिरातीत ‘ऑप्टिकल उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन’ असं लिहिलेलं. फोनवर माणूस अतिशय नम्र. मी स्टँडचे फोटो पाठवले तर म्हणाला, “होऊन जाईल सर, पण सेन्सरही पाठवा. बसवून बघावा लागेल. कोन चुकला तर रीडिंग चुकतं.”

या वाक्यात अर्धं सत्य आहे आणि मला फसवलं ते त्याच अर्ध्याने. प्रोजेक्टरच्या पडद्याकडे सेन्सर तिरका राहिला तर रीडिंग बदलतं, हे बरोबर. पण मोडलेला कान जोडायला सेन्सर कशाला हवा? स्टँड ट्रायपॉडवर बसतो त्या स्क्रूचे आटे कॅमेऱ्याचेच, पाव इंची. तपासायचंच असेल तर कुठलाही ट्रायपॉड चालतो. हे मला माहीत होतं. तरी मी दोन्ही वस्तू एकाच खोक्यात घातल्या. म्हणजे निम्मा दोष माझा, तो मी आधीच कबूल करून टाकतो.

आठ-दहा दिवसांनी खोका परत आला. कान चिकटवलेला होता, सांध्यातून गोंद ओघळून तिथेच वाळलेला. पाउच उघडला तर आत एक तिखट वास. मी म्हटलं, असेल. स्टँड उभा राहिला, मी खूश.

त्याच आठवड्यात नेहमीप्रमाणे मॉनिटर कॅलिब्रेट केला. माझं लक्ष्य कायम एकच असतं: 120 कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड, 6500 केल्विनचा पांढरा आणि मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा गॅमा 2.2. दुरुस्तीआधी 120 गाठायला मॉनिटरच्या मेनूत ब्राइटनेस 31 ठेवावा लागायचा. आता तोच आकडा गाठायला 38 लागला. मी डोकं न खाजवता 38 केला, प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाइल) सेव्ह केलं आणि कामाला लागलो.

मग माझ्या फोटोंचे प्रिंट काळपट यायला लागले. एक नाही, सलग चार. आधी प्रिंटरवर संशय, मग कागदावर, मग शाईवर. खरं कारण अगदी साधं होतं. सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी उजेड सांगत होता, म्हणून मी स्क्रीन जास्त उजळ केली होती. उजळ स्क्रीनवर फोटो हवा त्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून एडिट करताना मी तो हळूच गडद करत होतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे तिथे तोच फोटो अंधारात बुडायचा.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. पहिलं उत्तर: “सर, तुमच्या मॉनिटरचा बॅकलाइट थकला असणार.” बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, थकतो हे खरं, पण हजारो तासांत, हळूहळू. मी प्रत्येक कॅलिब्रेशनचा रिपोर्ट जपून ठेवतो, त्यात वर्षभरात हा आकडा जेमतेम 1 ने सरकलेला दिसत होता. दोन आठवड्यांत 7 ने सरकला, तर थकवा मॉनिटरला आलेला नाही. हे सांगितल्यावर दुसरं उत्तर आलं: “मग पडल्यामुळे सेन्सर हलला असेल.” मी म्हटलं, सेन्सर पडलाच नव्हता. त्यावर तिसरं: “मग फिल्टर जुने झाले सर. या सगळ्या सेन्सरचे फिल्टर खराब होतातच. री-कॅलिब्रेशन करून देतो, सर्टिफिकेटसकट.”

एका प्रश्नाला एका दमात तीन कारणं देणारा माणूस अंदाज करतो आहे किंवा थापा मारतो आहे, हे मला आज कळतं. तेव्हा तिसरं कारण पटलं, कारण त्यातही अर्धं सत्य होतं. जुन्या पिढीतल्या बऱ्याच स्वस्त कलरीमीटरचे (अशा रंग मोजणाऱ्या सेन्सरचे) फिल्टर दमट हवेने आणि वयाने खरोखर खराब होतात. पण माझ्या सेन्सरचे फिल्टर काचेचे आहेत आणि ते इतक्या सहज बदलत नाहीत. मॅन्युअल कपाटातच होतं. उघडलं नाही.

सेन्सर पुन्हा पाठवला. या वेळचे पैसे स्टँडच्या दुरुस्तीच्या चौपट, आणि आगाऊ.

परत आलं ते सर्टिफिकेट असं: वर मोठ्या अक्षरांत ‘पास’, खाली गोल शिक्का, त्याखाली सही. बास. खऱ्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर उपकरणाचा सिरीयल नंबर असतो, आधी काय रीडिंग होतं आणि नंतर काय आलं हे असतं, कोणत्या संदर्भ उपकरणाशी तुलना केली ते असतं आणि मोजमापाची अनिश्चितता किती तेही असतं. आयएसओ 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता मिळालेली प्रयोगशाळा अनिश्चिततेचा आकडा दिल्याशिवाय असा कागद देत नाही. माझ्या कागदावर एकही आकडा नव्हता. मोजून देणाऱ्या माणसाच्या कागदावर एकही आकडा नाही, यात मला तेव्हा काही खटकलं नाही.

सोबत ई-मेलने एक फाइल आली. “ही सॉफ्टवेअरमध्ये लोड करा, सगळं बरोबर येईल.” ती सीसीएमएक्स प्रकारची करेक्शन फाइल होती. लोड केली तर पांढरा रंग गुलाबी झाला. राखाडी पट्ट्या लग्नपत्रिकेसारख्या दिसायला लागल्या. मी फोन केला तर, “डोळ्यांना सवय होईल सर. आधीचंच चुकीचं होतं.”

इथे मात्र माझी झोप उडाली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा उलगडा याच फाइलमधून झाला. सीसीएमएक्स फाइल म्हणजे मूळात नऊ आकड्यांचा एक तक्ता, तीन ओळी आणि तीन रकाने. सेन्सरने मोजलेले रंग या तक्त्यातून काढले की दुरुस्त होतात. पण हा तक्ता एका ठरावीक प्रकारच्या सेन्सरसाठी आणि एका ठरावीक मॉनिटरसाठी बनतो. बनवायला तो मॉनिटर समोर असावा लागतो आणि प्रकाशाचे घटक रंग वेगवेगळे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरसारखं संदर्भ उपकरण लागतं. त्या माणसाने माझा मॉनिटर कोणता हे एकदाही विचारलं नव्हतं. एकदाही नाही!

आणि ही फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडते. मी उघडली. सेन्सरचं नाव माझ्याच मॉडेलचं होतं. डिस्प्लेच्या ओळीत मात्र भलत्याच कंपनीचा मॉनिटर. फाइल बनवल्याची तारीख 2016 मधली. मी सेन्सर विकत घेतला त्याच्याही आधीची. डिस्प्लेकॅल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या जोडीला लोकांनी बनवलेल्या अशा करेक्शन फाइलींचा एक मोठा साठा इंटरनेटवर खुला आहे. कुणीतरी आपल्या मॉनिटरसाठी मेहनतीने बनवून फुकट वाटलेली फाइल त्या गृहस्थाने उचलली, नाव बदललं आणि मला विकली. आतली ओळ बदलायचेही कष्ट घेतले नाहीत.

मग करेक्शन बंद करून तीच पांढरी पट्टी पुन्हा मोजली. रीडिंग पाठवण्याआधी जे होतं तेच. म्हणजे दुसऱ्या खेपेला सेन्सरला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. चौपट पैसे नऊ परक्या आकड्यांचे आणि एका शिक्क्याचे.

पण मूळ प्रश्न उरलाच, पहिल्या खेपेला सेन्सर बिघडला कसा? मित्राकडून त्याचा सेन्सर आणला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला आणि दोन्ही सेन्सर आळीपाळीने त्याच जागी लावले. माझा 120 म्हणत होता तिथे त्याचा 138. मग दिवे बंद करून टॉर्च अगदी तिरपा धरला आणि सेन्सरच्या भिंगात पाहिलं. भिंगावर पांढुरकी साय आलेली. काचेवर श्वास सोडल्यावर येते तशी, पण पुसली न जाणारी.

ही करामत सुपरग्लूची. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. वाळताना त्याची वाफ निघते, आजूबाजूच्या पृष्ठभागांवर बसते आणि हवेतल्या ओलाव्याने तिथेच घट्ट होते. गोंद जितका जास्त आणि जागा जितकी बंद, तितकी ही पांढरी साय दाट. दुरुस्तीवाल्याने कान चिकटवला, सेन्सर लगेच त्यावर बसवला आणि ओल्या गोंदासकट दोन्ही पाउचमध्ये कोंबलं. तो तिखट वास त्याचाच. गुन्हे अन्वेषणात बोटांचे पुसट ठसे उमटवायला हीच वाफ वापरतात. माझ्या सेन्सरच्या काळ्या अंगावर, भिंगाच्या शेजारी, एक अंगठा पांढराशुभ्र उमटला होता. इतका स्वच्छ ठसा मी आयुष्यात पाहिला नाही. कदाचित माझाच असेल, मी कशाला कुणावर आळ घेऊ.

ती साय ॲसिटोनने निघते, पण ॲसिटोन सेन्सरचं प्लास्टिकही खातं आणि भिंगावर लेप असेल तर त्याचं काय होईल देव जाणे. मी हात लावला नाही. दर वेळी 120 ला 138 समजायचं, असा जुगाडही करून पाहू नका. साय अंधारा आणि उजळ भाग सारख्या प्रमाणात बिघडवत नाही. ती उजेड विखुरते, त्यामुळे काळ्याचं रीडिंग वेगळ्याच दिशेने चुकतं.

पैशांचं सांगतो. दुरुस्तीवाल्याला नम्रपणे लिहिलं, सोबत फाइलमधल्या तारखेचा स्क्रीनशॉट. दोन दिवस उत्तर नाही, तिसऱ्या दिवशी “सर, टेक्निकल गैरसमज झाला आहे”, चौथ्या दिवसापासून फोन बंद. मग पैसे ज्या सेवेतून भरले होते तिथे तक्रार केली. भिंगावरच्या सायीचे फोटो त्यांनी बाजूला ठेवले, कारण ती कधी आली हे त्यातून कळत नव्हतं. पण ‘तुमच्या उपकरणासाठी खास बनवलेली’ फाइल उपकरणाच्याही आधीची निघते, हे कुणालाही समजतं. री-कॅलिब्रेशनचे पैसे परत मिळाले. स्टँडचे गेले आणि सेन्सर नवा घ्यावा लागला. सगळं बोलणं फोनवर झालं असतं तर हेही मिळालं नसतं. फाइलबद्दलचा त्याचा दावा ई-मेलमध्ये लेखी होता म्हणून निभावलं.

आणि स्टँड? तो महिन्याभरात त्याच जागी पुन्हा तुटला. तुटणारच होता. बिजागरीच्या कानावर सगळा भार तरफेसारखा येतो, नुसत्या गोंदावर तो टिकत नाही. या वेळी मी स्वतः बसलो. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस असं, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार, कोरलेलं होतं. तुटलेल्या दोन्ही तोंडांना एक मिलिमीटरचं भोक पाडलं, त्यात जाड सुईचा तुकडा पिनेसारखा बसवला आणि दोन भागांचं इपॉक्सी लावून दोऱ्याने बांधून ठेवलं. डाव्या बाजूचा तुकडा केसभर वाकडा बसला आहे, त्यामुळे स्टँड उघडताना करकरतो. नवा सेन्सर त्या दोन दिवसांत डब्यात, झाकण लावून, दुसऱ्या खोलीत होता.